गवत कापणाऱ्या भावास

४ जून

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि तिच्यातून तुझा चमचा बशीवर आपटलेलाही मला ऐकू येतो, तरी पत्र लिहावं लागतंय. तुझ्याशी बोलायचं नाही हे मी आई गेली त्याच आठवड्यात ठरवलं आणि आजवर पाळलं. लिहिणं बोलण्यात धरत नाहीत, म्हणून लिहिते.

विषय तुझ्या त्या मशीनचा आहे.

मी रात्रभर पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात उभी असते. तिथे कुणाचा पाय खाजत असतो आणि तो नेमका प्लास्टरमध्ये असतो, कुणाला पाणी हवं असतं, कुणाला नुसतंच कुणीतरी हवं असतं. ते सगळं निस्तरून, दिवसपाळीच्या मुलींना चार्ज देऊन मी घराकडे निघते तेव्हा डोक्यात एकच गोष्ट असते, उशी. आणि कोपऱ्यावर वळले की काय दिसतं? तू. हाफ पँट, डोक्यावर ती कुणीतरी फुकट वाटलेली टोपी, फाटकाशी त्या लाल मशीनला टेकून उभा. माझं तोंड दिसलं की खाली वाकतोस, दोरी ओढतोस आणि घर्रर्र. मी कुलूप काढेपर्यंत तुझी पहिली रेघ मारून झालेली असते. एखाद्या दिवशी झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. रोज होतंय, म्हणजे खोडी आहे.

आणि गवत तरी केवढं! दोन चादरी अंथरल्या तर तिसरीला जागा नाही. एवढ्याशा तुकड्याला पेट्रोलचं मशीन म्हणजे दाढी करायला ट्रॅक्टर. उभं आयुष्य ड्राफ्ट्समन म्हणून ऑफिसात पट्टी धरून रेघा मारल्यास, आता कुणी कागद देईना तर गवतावर मारतोस. हौस आहे, मार बापडा. पण दुपारी चारनंतर मार. तोवर माझी झोप होते.

उत्तर पाठवायची गरज नाही. मशीन गप्प राहिलं की मला कळेल.

तुझी (नाइलाजाने) बहीण

९ जून

दादा,

उत्तर मिळालं. माझंच पाकीट उलटं करून त्यावर पेन्सिलीने दोन वाक्यं: ‘गवत वाढतं. कापावं लागतं.’ अक्षर मात्र अजून छापल्यासारखं. इतकं सुंदर अक्षर आणि त्यात लिहायला एवढंच, याची कीव आली.

गवत वाढतं हा शोध लावल्याबद्दल अभिनंदन. माझ्याकडेही एक शोध आहे, तो ऐक. गेल्या आठवड्यात माझी सुटी होती. मी मुद्दाम सकाळी लवकर उठून पडद्याआड चहा घेऊन बसले. तुझं मशीन शेडमधून बाहेरसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी नाईट करून परत आले आणि साहेब फाटकाशी हजर, हात दोरीवर. आता मला सांग, गवताला माझ्या ड्युटीचा तक्ता कोण वाचून दाखवतं? मी घरी असले की ते वाढायचं थांबतं? वाढतोय तो तुझा आकस आहे, दादा, आणि तो कापायचं मशीन अजून निघालेलं नाही.

तुझी लागण गल्लीलाही झाली आहे, हेही कळू दे. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी पानं उडवायचा ब्लोअर आणलाय. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवतो, तेवढ्याने कान निवत नाहीत म्हणून क्लिनिकला जायच्या आधी पाठीला ते धूड बांधून अंगणात फिरतो. पानं उचलत नाही हं. उडवतो. ती उडून पडतात समोरच्या इन्शुरन्सवाल्यांच्या दारात. मग इन्शुरन्सवाले आपला ब्लोअर काढतात. एकच वाळकं पान दिवसभर गल्लीभर हिंडतं आणि त्याच्या मागे दोन शिकलेली माणसं पेट्रोल जाळत असतात. पूर्वी या गल्लीत झाडू होते. झाडूने पान टोपलीत जायचं आणि विषय संपायचा. पण झाडू मारताना माणूस नोकरासारखा दिसतो, आणि ब्लोअर पाठीला बांधला की त्याला वाटतं आपण अंतराळात निघालो.

तू निदान स्वतःचंच गवत कापतोस, एवढं तुझ्या बाजूने म्हणता येईल. याहून जास्त काही सुचत नाही.

बहीण

२१ जून

दादा,

सोसायटीच्या मीटिंगला मी गेले होते हे तू पाहिलंस, कारण तू मागच्या रांगेत होतास. तुला मागे ऐकू गेलं नसेल असं नाही, तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहून ठेवते.

मी साधी मागणी केली. सकाळी मशीनं बंद ठेवा, दुपारनंतर हवी तेवढी चालवा. सेक्रेटरी म्हणाले, “ताई, लॉन हा आपल्या सोसायटीचा चेहरा आहे.” मी म्हटलं, “मग चेहऱ्याची रोज एवढी हजामत कशाला?” लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत, त्यांना तेवढं कळायला वेळ लागतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, “कानात कापसाचे बोळे घाला, सिस्टर, तुमच्याकडे कापसाला काय तोटा.” आणि इन्शुरन्सवाल्यांची बायको, जिच्या सासऱ्यांचा खुबा मोडला तेव्हा मी रात्र रात्र त्यांची कूस बदलली होती, ती बाई मान वेळावून म्हणाली, “पण मी म्हणते, दिवसा झोपतं कोण?”

मी खाली बसले. अपमान झाला म्हणून नाही, थकले होते म्हणून. त्या बाईला वाटतं तिचे सासरे आपोआप बरे झाले.

शेवटी एक समिती नेमली. आवाज किती होतो ते ती मोजणार. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर.

तू काय केलंस? माझ्या बाजूने कोण, हात वर करा म्हटलं तेव्हा तू चष्मा पुसत होतास. विरोधात कोण म्हटलं तेव्हाही पुसतच होतास. एवढा पुसल्यावर त्यातून काही दिसलं का? निदान विरोधात हात वर करायचास. मला तुझा राग धरायला सोपं गेलं असतं.

बहीण

३ जुलै

दादा,

आज टोमणे मारायला अंगात त्राण नाही, तेव्हा सरळ लिहिते.

काल वॉर्डात माझ्या हातून चूक होता होता राहिली. दोन पेशंट एकाच आडनावाचे, एक खिडकीजवळ, एक दाराजवळ. खिडकीजवळच्याचं इंजेक्शन घेऊन मी दाराजवळच्यापाशी उभी राहिले. आडनाव वाचलं, पुढचं नाव वाचलंच नाही, दंड पुसला. तो बिचारा म्हणाला, “सिस्टर, मला तर सुईची गरज नाही म्हणाले होते डॉक्टर.” मी हातातल्या सिरिंजकडे बघत राहिले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालेलं नाही. नव्या मुलींना मीच शिकवते, आधी पलंग बघा, मग कागद बघा, मग तोंड बघा.

मी स्वतःच जाऊन मेट्रनबाईंना सांगितलं. लपवलं असतं तर लपलं असतं, पण मग मी कोण राहिले असते? त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही झोपत नाही आहात, डोळ्यांवरून दिसतं. पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला वॉर्डातून काढून लिननला बसवावं लागेल.” लिनन म्हणजे तळघरातली खोली. धुऊन आलेल्या चादरी घ्यायच्या, मोजायच्या, घडी घालून वर पाठवायच्या. चादरींना वेदना होत नाहीत, त्यामुळे तिथे कुणीही चालतं.

मला वॉर्ड सोडायचा नाही, दादा. माझ्याजवळ दुसरं काही नाही. लग्न नाही, मूल नाही, आई नाही, आणि भाऊ कसा आहे ते तुला माहीतच आहे. त्या खाटांमधून चालताना मला मी कोण आहे ते कळतं. चादरी मोजताना ते कळणार नाही.

तू आईच्या वेळी चारचौघांत काय बोललास ते मी विसरलेले नाही. “जगाची सेवा करते, आई जाताना मात्र ड्युटीवर.” सगळे नातेवाईक ऐकत होते. मावशीने पदर तोंडाला लावला आणि वरून माझ्याकडे बघत राहिली. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आजही देत नाही. पण ज्या ड्युटीवरून तू मला बोललास तीसुद्धा आता तू मला धड करू देत नाहीस. यापरतं हलकं वागणं माझ्या डोळ्यांसमोर कुणी केलेलं नाही, आणि मी माणसं फार वाईट वेळी पाहते.

चारनंतर काप. एवढंच. विनवणी करत नाही, कळवते आहे.

५ जुलै

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘चारला ऊन असतं.’

ठीक आहे. उन्हात वितळशील, नाही का.

१५ जुलै, संध्याकाळ

दादा,

अखेर तुला अक्कल आली! उशिरा आली पण आली, मी नावं ठेवणार नाही. फार तर थोडी ठेवीन.

सकाळी कोपऱ्यावर वळले आणि बघते तर फाटक रिकामं. ना टोपी, ना लाल मशीन. मला आधी खरंच वाटेना. कुलूप काढलं, आत आले, भिंतीला कान लावला. काही नाही. सवयीने कानात कापसाचे बोळे घातले आणि आडवी झाले. दातांच्या डॉक्टरांच्या ब्लोअरने जाग आली नाही, दारावर कोण येऊन गेलं कळलं नाही. उठले तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरून गेली होती. इतकी झोप मला शेवटची कधी लागली आठवत नाही. उठून आरशात पाहिलं तर चेहरा माणसासारखा दिसत होता. आज वॉर्डात मी कुणाच्याही खाटेशी चुकणार नाही.

बघितलंस, किती सोपं होतं? एका दिवसात गवत काही छपरापर्यंत गेलं नाही. आकाश कोसळलं नाही. तुझ्या रेघांवाचून जगाचं अडलं नाही. हे तुला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं, पण मठ्ठपणाला औषध नाही हे मला पेशाने माहीत आहे.

असाच राहा. गप्प. तुला ते शोभतं.

बहीण

१६ जुलै, हॉस्पिटल

दादा,

हे तू कधी वाचशील माहीत नाही. कालचं पत्र मी तुझ्या पेटीतून परत काढलं. फाडणार होते, फाडलं नाही. दोन्ही एकदमच वाच. मी कशी आहे ते तुला कळायला हरकत नाही.

कालचं पत्र पेटीत जाईना, कारण आत सकाळचा पेपर तसाच होता. मी तो ढकलला, पत्र कोंबलं, आणि ड्युटीला निघाले. निघाले! फाटकातून बाहेर पडून रस्त्यालाही लागले. वॉर्डात एखाद्याने नाश्त्याची बशी तशीच ठेवली तर मी तीरासारखी जाते, का खाल्लं नाही, काय होतंय. आणि माझ्या सख्ख्या भावाचा पेपर दिवसभर पेटीत आहे आणि मी मजेत चालले होते. मग पाय थांबले. माझे थांबले नाहीत खरं तर, सिस्टरचे थांबले.

तू शेडमध्ये होतास. मशीन बाहेर काढताना सांडलेल्या तेलावर घसरलास, मशीन पायावर आडवं. सकाळपासून. पाय कसा वळला होता ते बघताच मला कळलं, मांडीचं हाड. ओठ फुटले होते. तू हाका मारल्या असशील. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. भिंतीपलीकडे मी कानात कापूस घालून झोपले होते, आणि झोप किती छान लागली ते कळवायला पत्र लिहीत होते.

मी वाकले तर तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, “झाली का झोप?”

इतक्या वर्षांत आपल्यात बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. मला अजून ठरवता येत नाही की तू मला टोचलंस की विचारलंस. तुझ्या तोंडून दोन्ही सारखंच निघतं. मी म्हटलं, “हलू नका.” पडलेल्या माणसाशी मला दुसरं बोलता येत नाही.

तुला ऑपरेशनला नेलं आहे. मी बाहेर बाकावर बसले आहे, गणवेशात, आणि नातेवाईकांच्या बाकावर गणवेशातली बाई बसलेली बघून येणारेजाणारे मलाच रस्ता विचारताहेत. सगळ्यांना बरोबर सांगितला. तुला काही झालं तर मी तुला कधीही माफ करणार नाही, हे लक्षात ठेव.

२४ जुलै

दादा,

ऑपरेशन चांगलं झालं, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं आहे. तुला माझ्याच वॉर्डात ठेवलं, यात माझा काही हात नाही, मोडलेले पुरुष तिथेच ठेवतात. रात्री मी तुझ्याशी जे बोलते ते सिस्टर म्हणून बोलते. “कूस बदला, काका.” “दुखतंय का, काका?” तू “हो, सिस्टर,” म्हणतोस. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला वाटतं आपली ओळखच नाही. माझ्या दृष्टीने ही व्यवस्था ठीक आहे.

पण आता एक नवीन तक्रार.

तू खाटेला खिळला आहेस, मशीन शेडमध्ये आहे, तरी माझी झोप तू मोडतोसच. सकाळी घरी येते, आडवी होते, डोळा लागतो न लागतो तोच फोन खणखणतो. दिवसपाळीची ती बडबडी मुलगी, जिला आम्ही पोपट म्हणतो. “सिस्टर, पोचलात ना?” पहिल्या दिवशी मला वाटलं तुझं काही बिघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी तिला झापलं. “माझ्या पोचण्याशी तुला काय करायचंय?”

तर ती म्हणाली, “मला काही नाही हो करायचं, तुमचे भाऊ गोळी घेत नाहीत. तुम्ही गेलात की घड्याळाकडे बघत बसतात. पोचली का, फोन कर, पोचली का. मी म्हटलं, काका, त्या काय लहान आहेत? तर म्हणतात, रात्रीची जागलेली असते, रस्ता ओलांडताना डोळा लागला तर? आधी आमची आई फाटकात थांबायची. आता घरातलं कुणीतरी थांबायला नको का?”

मी पलंगावर उठून बसले. पोपट पुढे बोलतच होती, तिला थांबवणं सोपं नसतं. तिने तुला विचारलं म्हणे, मग थांबायचंच तर ते मशीन कशाला. तू म्हणालास, “नुसतं फाटकात उभं राहायचं तर कसं दिसतं? हातात काहीतरी हवं ना.”

दादा, तू गाढव आहेस. मी शब्द जपून वापरते, आणि हा जपून वापरला आहे.

मी सुटीवर असले की मशीन शेडमध्ये, हे मी स्वतः बघितलं होतं आणि तुझ्या तोंडावर लिहून पाठवलं होतं. तुला तेव्हाच सांगता आलं नसतं? ‘गवत वाढतं. कापावं लागतं.’ हे तुझं उत्तर! चारला का नाही, तर ऊन असतं. मी चारला कुठूनही परत येत नाही म्हणून, असं लिहायला पेन्सिल झिजली असती? मी सुखरूप आले की नाही हे बघायला तू रोज उभा राहिलास, आणि मी सुखरूप आलेली बघून रोज माझी झोप उडवलीस, आणि झोप उडाली म्हणून मी रस्त्यात पेंगत घरी यायची, आणि मी पेंगते म्हणून तू उभा. हे असलं काही करायला दोन भावंडं लागतात, एकट्याला जमत नाही.

आईच्या वेळचं बोलणं तू कधी परत घेतलं नाहीस. आई ज्या जागी उभी राहायची त्या जागी जाऊन उभा राहिलास. ही माफी होती का? असेल तर पेट्रोलवर चालणारी माफी मी पहिल्यांदाच बघितली, आणि सोसायटीच्या समितीने तिचा आवाज मोजायला घेतला होता.

मी त्या दिवशी भिंतीला टेकून रडले. ते इथे लिहिते कारण तुझ्यासमोर मी रडणार नाही. मग झोपले नाही. रात्री तुझ्या खाटेशी आले, चादर सारखी केली, म्हटलं, “गोळी वेळेवर घेत जा, काका.” तू “हो, सिस्टर,” म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

बहीण

१९ ऑगस्ट

दादा,

घरी येऊन तुला बरेच दिवस झाले. वॉकर नीट वापरतोस, आवाजावरून कळतं. कामाला ठेवलेल्या बाई सांगतात की जेवतोसही. तुझं मशीन शेडमध्येच आहे, पण त्याची दोरी मी कापून टाकली आहे, बँडेज कापायच्या कात्रीने. शोधत बसू नकोस.

गल्लीत बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. समितीने आवाज मोजला आणि तो ‘समाधानकारक’ निघाला, म्हणजे अध्यक्षांचं समाधान झालं. त्यांचा ब्लोअर सकाळी उशिरा सुरू होतो. तोवर मला गाढ झोप लागलेली असते आणि एकदा लागली की ते धूड माझ्या उशाशी आणून चालवलं तरी चालेल. मला पाठ टेकतानाची पहिली घटका शांत लागते, एवढंच. ती आता मिळते. मेट्रनबाई काल राउंडला आल्या, माझ्या डोळ्यांकडे बघून पुढे गेल्या. लिननचं नाव काढलं नाही.

ती शांत घटका मिळायला हवी, असं म्हणू या. कारण तुझे नवे उद्योग.

पहिल्या दिवशी तू फाटकात खुर्ची टाकून बसला होतास. मी कोपऱ्यावर वळले, तू घाईघाईने पेपर उघडून तोंडापुढे धरलास. उलटा. मी ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात पाण्याची नळी होती आणि नळीत पाणी नव्हतं. परवा छत्री होती, ढग नसताना, आणि तू ती उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघत होतास, जणू ती काल कुणी शोधून काढली. आणि आज रेडिओ! मांडीवर रेडिओ, आणि मला बघताच त्याचा कान पिळलास तो थेट शेवटपर्यंत. बाजारभाव सांगत होते. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. दातांचे डॉक्टर गॅलरीत आले आणि तुला म्हणाले, “काका, जरा हळू, लोक झोपलेत.”

त्या माणसाकडून मला हे ऐकावं लागलं. तुझ्यामुळे.

म्हणून आता हे शेवटचं पत्र. यानंतर मी लिहिणार नाही, कागद वाया जातो आणि तू कागदावर दोन वाक्यांपलीकडे जात नाहीस. नीट वाच.

पेट्रोलचं मशीन आणलंस, ते रोज बाहेर काढलंस, स्वतःची मांडी मोडून घेतलीस, वॉर्डातल्या मुलीला फोन करायला लावलेस, पेपर, नळी, छत्री, रेडिओ, सगळं करून झालं. सगळं कशासाठी, तर एक शब्द बोलावा लागू नये म्हणून. आई तो रोज बोलायची. तिला हातात काही धरावं लागत नव्हतं, ओला हात पदराला पुसत असायची फार तर. मी फाटकाशी आले की म्हणायची, “आलीस?” येताना मी तिला दिसत असायची, तरी ती विचारायची. मी “आले” म्हणायची आणि आत जायची. तेवढं झाल्याशिवाय ड्युटी संपल्यासारखी वाटायचीच नाही. ती गेल्यापासून माझी ड्युटी संपलेली नाही, दादा. पडदे ओढून पडते, पण मी घरी आले हे कुणाला सांगितलेलंच नसतं.

उद्या माझी नाईट आहे. परवा सकाळी मी येईन. तू फाटकात बसशील, नको म्हटलं तरी बसशील. हातात काही घेऊ नकोस. रिकामे हात कसे दिसतात त्याची काळजी करू नकोस, या गल्लीत बघण्यासारखं कुणाचंच काही नाही.

मी आले की विचार. मी उत्तर देईन आणि झोपायला जाईन.

बहीण